मोठ्या जहाजावर नाक धरून जाऊ नये

भाचेबुवा, तुझा प्रश्न आधी इथे मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल आपण कशाबद्दल बोलतोय. तू ‘फ्रीस्पेस २’ हा अवकाशातल्या लढाईचा संगणकी खेळ खेळतोयस. हातात बॉम्बर आहे, समोर ओरायन जातीचं डिस्ट्रॉयर, म्हणजे शत्रूचं अवाढव्य युद्धजहाज. तू विमानाचं नाक थेट त्याच्यावर धरतोस, लॉक लागायची, म्हणजे बॉम्बचा नेम पक्का व्हायची, वाट बघतोस आणि लॉक लागेपर्यंत शील्डचा, म्हणजे विमानाभोवतीच्या ऊर्जेच्या कवचाचा, पत्ता नसतो. कधी बॉम्ब सुटतात, पण अर्ध्या वाटेत फुटतात. म्हणून तू विचारतोस, “मामा, याहून मोठा बॉम्ब कोणता आणि तो कधी मिळतो?”

मोठा बॉम्ब हीलिऑस, आणि तो मोहिमेत बराच उशिरा हाताशी येतो. पण तो मिळाल्यावर तुझं दुखणं जाईल असं समजू नकोस. तोही अर्ध्या वाटेत फुटेल. बॉम्ब कोणता यापेक्षा तो कुठून सोडला यावर सगळं ठरतं, आणि तू तो नेमका जिथून सोडू नये तिथून सोडतोयस. १९९९ चा हा खेळ, तुझ्या जन्माच्या आधीचा. २००२ मध्ये त्याचा सोर्स कोड खुला झाला म्हणून तो आज तुझ्या लॅपटॉपवर इतका देखणा चालतो. चित्रं नवी झाली, पण आतलं गणित जुनंच आहे आणि ते गणित कळलं की सायक्लॉप्ससारख्या साध्या बॉम्बनेही ओरायन पडतं.

गणितातली पहिली गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. या खेळात जहाजाचं हल, म्हणजे त्याचा सगळा सांगाडा, हा एकच आकडा आहे. बॉम्ब नाकावर पडो, पोटाखाली पडो की शेपटीला, तो आकडा सारखाच खाली येतो. खऱ्या समुद्रात असं नसतं. जपानचं यामातो हे युद्धजहाज ७ एप्रिल १९४५ ला बुडालं, तेव्हा अमेरिकी वैमानिकांनी टॉर्पेडो बहुतांशी डाव्याच कुशीत घातले होते. एकाच बाजूने पाणी भरत गेलं की जहाज सावरत नाही, कलंडतं. त्याच जातीचं मुसाशी ऑक्टोबर १९४४ मध्ये दोन्ही कुशींत मार खाऊनही तासन् तास तरंगत राहिलं होतं, त्याचा धडा त्यांनी घेतला होता. तिथे जागा निवडायची ती शत्रूला जास्तीत जास्त इजा व्हावी म्हणून. फ्रीस्पेसमध्ये इजा सगळीकडे सारखीच, मग जागा निवडायची ती निव्वळ आपल्या जिवाच्या हिशोबाने. जिथे तोफ पोचत नाही तिथे टाक. इतकी मोठी सवलत खेळ बनवणाऱ्यांनी दिलीये आणि तू ती वापरतच नाहीस! शिवाय या जगातल्या मोठ्या जहाजांना शील्डही नसतं. शील्ड फक्त तुझ्यासारख्या फायटर-बॉम्बरांना. लुसिफर हे जहाज एक अपवाद, पण ते खेळाच्या पहिल्या भागातलं प्रकरण आणि त्याची गोष्टच निराळी.

आता तोफा. मोठ्या जहाजांवर साधारण चार-पाच तऱ्हेची हत्यारं असतात. सगळ्यांना सारखंच घाबरून चालत नाही, कारण मग ज्याला खरंच घाबरायला हवं ते सुटून जातं.

डोळे दिपवणारा तो जाड हिरवा किंवा लाल बीम, म्हणजे किरणांचा झोत, तुझ्यासाठी नसतोच. तो जहाजांनी जहाजांवर मारायचा. तू त्याच्या वाटेत कडमडलास तर वाफ होऊन जाशील हे खरं, पण तो तुला शोधत येत नाही. त्यामुळे बीम चार्ज होताना दिसला की त्याच्या तोंडासमोरून बाजूला व्हायचं, बाकी त्याची काळजी सोडायची. गोळेवजा लेसर टाकणारे साधे टरेट, म्हणजे जहाजावर बसवलेल्या फिरत्या तोफा, असतात, ते हळू. तू आडवा सरकत असलास तर त्यांचे बहुतेक गोळे तुझ्या मागून जातात. मिसाइल टाकणारे टरेट त्रास देतात, पण मिसाइलला चकवणारे काउंटरमेजर कशासाठी आहेत?

खरे वैरी दोन. एक फ्लॅक, म्हणजे हवेतच फुटणारे गोळे. तो तुला थेट लागत नाही, तुझ्याभोवती फुटत राहतो. शील्ड थोडं थोडं झिजतं, त्याहून वाईट म्हणजे विमान असं हादरतं की नेम धरता येत नाही, आणि तुझा बॉम्ब वाटेत असेल तर तोही त्याच फुटण्यात संपतो. दुसरा वैरी म्हणजे विमानांवर मारायचा बारीक बीम. याला वेळच लागत नाही. सुटला की लागला. गिरकी मारून, आफ्टरबर्नर (थोड्या वेळापुरता जादा वेग) दाबून, देवाचं नाव घेऊन, कशानेही तो चुकत नाही. तू जे “लॉक लागेपर्यंत शील्ड संपतं” म्हणतोस ना, ते बहुतेक याचंच काम. त्याच्यापुढे हाताची चपळाई उपयोगाची नाही. त्याला तू दिसायलाच नको.

आणि दिसू नये अशी जागा प्रत्येक जहाजावर असते. टरेट जहाजाच्या पाठीवर, पोटावर, कुशीत ठोकलेले असतात. प्रत्येकाची तोंड फिरवायची एक मर्यादा असते, आणि त्याच्या आड जहाजाचं स्वतःचं अंग येतं. आपल्या इंदुरात रंगपंचमीला राजवाड्यासमोर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते तेव्हा टँकरवरच्या पंपाची धार तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीतल्यांना भिजवते, पण त्याच टँकरच्या चाकाला चिकटून चालणारा कोरडा राहतो. तुला चाकापाशी जायचंय. तू आत्तापर्यंत गच्चीत उभा राहून पिचकारीने टँकरशी लढत होतास.

ही जागा शोधायची कशी? खेळातल्या टेक रूममध्ये, म्हणजे जहाजांची माहिती असते तिथे, जा, जहाजाचं मॉडेल उघड आणि फिरव. समोरून, मागून, वरून, खालून. टरेट कुठे दाटीने आहेत, कुठे उघडा पत्रा आहे, ते बघ. हे काम मी प्रत्येक नव्या जहाजासाठी आधी करतो, विमानात बसायच्या आधी. मिशन सुरू झाल्यावर शोधायला गेलास तर शोधता शोधताच मरशील. मॉडेल फिरवताना एकच प्रश्न मनात ठेव: मी या बिंदूवर आहे असं धरलं, तर मला इथून किती टरेट दिसतात? जितके तुला दिसतात तितक्यांनाच तू दिसतोस. ओरायन सुमारे दोन किलोमीटर लांब आहे, त्यामुळे एका टोकाच्या टरेटांना दुसऱ्या टोकाला बिलगलेला बॉम्बर त्याच्यावर मारा करण्याइतका दिसत नाही.

बहुतेक जहाजांत पिछाडी, इंजिनांच्या आसपासचा भाग, त्यातल्या त्यात मोकळा असतो. यात नवल काही नाही. आंगऱ्यांच्या आरमाराने कोकणच्या समुद्रात हेच केलं. युरोपीय जहाजांच्या तोफा दोन्ही कुशींना रांगेने, मागच्या बाजूला मोजक्याच. वारा पडला की ती मोठी जहाजं जागीच खिळायची. आंगऱ्यांची गलबतं मात्र वल्ह्यांवर चालायची आणि गुराबांना, म्हणजे आंगऱ्यांच्याच तोफांच्या मोठ्या जहाजांना, दोराने ओढून मागच्या बाजूला आणून उभी करायची. मारा आधी डोलकाठ्यांवर आणि दोरखंडांवर. जहाज लुळं पडलं की मग गलबतांतली माणसं चढायची. लक्षात घे, ते जहाज बुडवायला जात नव्हते. बुडालेल्या जहाजातून माल मिळत नाही. आधी हलता येणार नाही असं करायचं, मग मारता येणार नाही असं करायचं, आणि मग सावकाश काय हवं ते. याच क्रमाने तू गेलास तर ओरायन काय, त्याचा बापही पडेल.

आता प्रत्यक्ष वाट. तू ज्या बाजूने सबस्पेसमधून, म्हणजे अवकाशातल्या जवळच्या वाटेने, उडी मारून येतोस त्याच बाजूने थेट जहाजाकडे निघतोस. ते सोड. आधी पल्ल्याबाहेरून वळसा घाल. वेळ जातो, हो, पण मोठं जहाज कुठे पळून जात नाही, आणि जायला लागलं तर त्याचा इलाज पुढे सांगतो. वळसा घालताना जहाजाच्या लांबीच्या रेषेत, म्हणजे थेट मागून ये; ते जमलं नाही तर थेट खालून. कुशीवरून आलास तर त्या बाजूचे सगळेच टरेट एकाच वेळी तुझ्यावर लागतात. मागून आलास तर पुढचे निम्मे आपोआप गप्प.

शेवटच्या पट्ट्यात, म्हणजे टरेटांच्या पल्ल्यात शिरल्यापासून जहाजाला चिकटेपर्यंत, तुझं सगळं आयुष्य ठरतं. इथे वेग हेच शील्ड. बॉम्बर मुळात जड आणि मंद, म्हणून आफ्टरबर्नरची टाकी या पट्ट्यासाठी भरलेली ठेव. आधीच उधळू नकोस. ऊर्जेची वाटणी तीन ठिकाणी होते: बंदुका, शील्ड, इंजिन. बॉम्ब टाकायला बंदुकांची ऊर्जा लागतच नाही, मग ती तिथे भरून काय लोणचं घालायचंय? बंदुकांची सगळी काढ, इंजिनला आणि शील्डला दे. इंजिनला जास्त दिलं की आफ्टरबर्नरही लवकर भरतो. आणि सरळ रेषेत येऊ नकोस. टरेट तू आत्ता कुठे आहेस तिथे मारत नाही, गोळा पोचेल तेव्हा तू कुठे असशील तिथे मारतो. तू एकाच वेगाने एकाच दिशेत जात राहिलास तर त्याचं गणित बरोबर येतं. दर थोड्या वेळाने नाक पाच-दहा अंश इकडे, मग खाली, मग तिकडे. फार मोठी वळणं नकोत, त्याने वाट लांबते. बारीक बीमला याचा उपयोग नाही हे वर सांगितलंच, म्हणूनच त्याच्या नजरेतली वाट मुळातच टाळायची.

चिकटलास की मग ‘एम’ कळ दाब, म्हणजे तुझा वेग जहाजाच्या वेगाशी जुळेल आणि तू त्या आंधळ्या कोपऱ्यात त्याच्याबरोबर सरकत राहशील. ही कळ उघड्यावर कधीही दाबू नको. डिस्ट्रॉयर गोगलगाईच्या चालीने जातं. त्याच्याशी वेग जुळवलास म्हणजे तू टरेटांसमोर खुर्ची टाकून बसलास. नवख्यांची अर्धी बॉम्बरं मी याच कळीने गेलेली पाहिलीत.

टरेटांचं काय? सगळे पाडायचे नाहीत. हे मी ठासून सांगतोय, कारण जाणकार म्हणवणारे पुष्कळ जण “आधी जहाज निःशस्त्र करा” म्हणून एकेक टरेट वेचत बसतात आणि तेवढ्यात शत्रूची फायटर येऊन त्यांची मानगूट धरतात. तुझ्या वाटेवर नजर असलेले आणि तुझ्या बॉम्बच्या वाटेवर नजर असलेले, एवढेच टरेट तुझे. सहसा ते तीन-चारच निघतात. बाकीच्यांना राहू दे सुखात.

ते तीन-चार पाडायला मोहिमेत पुढे मिळणारी मॅक्झिम तोफ उत्तम. शत्रूच्या शील्डवर ती कुचकामी, पण उघड्या पत्र्यावर आणि टरेटवर जबरदस्त, आणि पल्ला एवढा की बऱ्याच साध्या टरेटांच्या टप्प्याबाहेर थांबून तू त्यांना टिपू शकतोस. ‘के’ कळीने टरेट एकामागून एक निवडता येतात, ‘एस’ने बाकीच्या सबसिस्टिम, म्हणजे इंजिनासारखे जहाजाचे वेगवेगळे भाग. मॅक्झिम नसेल तर ट्रेबुशे मिसाइल. ते बॉम्बरांवर मारायला बनवलंय, पण लांबून एखादा नेमका टरेट उडवायलाही चालतं. माझा क्रम ठरलेला असतो: आधी फ्लॅक, मग बारीक बीम. तू विचारशील उलटं का नाही, बीम जास्त मारतो ना? मारतो, पण बीम तुला मारतो आणि फ्लॅक तुझ्या बॉम्बला. मी आंधळ्या कोपऱ्यातून गेलो तर बीमपासून वाचतो. बॉम्बला मात्र सरळ जावं लागतं, त्याला कोपरा कळत नाही.

इंजिनाचा प्रश्न. जहाज निसटायची शक्यता असेल, म्हणजे ब्रीफिंगमध्ये तसं सूचित केलं असेल, तर टरेटांच्याही आधी इंजिन. इंजिन गेलं की ते हलत नाही आणि सबस्पेसमध्ये उडीही मारू शकत नाही. जहाजाचे असे भाग निकामी करणारं स्टिलेटो मिसाइल यासाठीच आहे. मे १९४१ मध्ये ब्रिटिशांच्या स्वोर्डफिश विमानांनी, कापडाने मढवलेली दुपंखी विमानं ती, जर्मनीच्या बिस्मार्क या युद्धजहाजाला एक टॉर्पेडो सुकाणूपाशी मारला. त्याने बिस्मार्क बुडालं नाही. सुकाणू अडकलं आणि ते गोल फिरत राहिलं, दुसऱ्या दिवशी २७ मेला ब्रिटिश युद्धनौकांनी गाठून त्याला संपवलं. एका जुनाट विमानाचं काम एवढंच होतं की हे जनावर पळू नये. ज्या मिशनमध्ये तुझ्या बाजूचंही एखादं मोठं जहाज मागून येणार असतं, तिथे तुझं कामही बहुधा एवढंच असतं, आणि तू उगाच बॉम्ब मोजत बसतोस.

बॉम्ब सोडायचा तो जवळून. किती जवळून? तुला भीती वाटेल त्याहून थोडं जवळून. सायक्लॉप्स हळू जातो, त्याला मारून पाडता येतं, आणि टरेटांना बॉम्ब दिसला की ते बाकी सोडून त्याच्या मागे लागतात. तू दोन किलोमीटरवरून सोडतोस म्हणजे त्यांना नेमबाजीचा सराव करायला देतोस. पाचएकशे मीटरवरून सोडलास तर त्यांना वेळच मिळत नाही. लॉकला वेळ लागतो हे खरं, म्हणून लॉक आंधळ्या कोपऱ्यात पोचल्यावर लावायचा, वाटेत नाही. लॉक लावण्याआधी जवळचीच एखादी सबसिस्टिम निवड. ती तुझ्या बाजूला आहे का हे पडद्यावरच्या खुणेवरून कळतं: समोर दिसत असेल तर भोवती चौकट, जहाजाच्या आड असेल तर चौकटीच्या जागी तिरका शंकरपाळा. शंकरपाळा दिसला की समज तू चुकीच्या बाजूला आहेस. आणि एक-एक सोडू नकोस. दोन्ही बँकांतून, म्हणजे विमानातल्या बॉम्बच्या दोन्ही कप्प्यांतून, जोडीने, लागोपाठ. एकावर टरेट लागतील तोवर दुसरा पोचेल.

सोडल्यावर थांबून बघायचं नाही. सगळ्यांना बघावंसं वाटतं, मला अजूनही वाटतं. पण बॉम्बच्या धडाक्याची लाट मागे येते आणि ती तुझं-त्याचं बघत नाही. आलास त्या वाटेनेही परत जाऊ नकोस. जहाजाच्या अंगालगत सरकत, त्याच्याच आडोशाने, टरेट कमी असलेल्या दिशेला बाहेर पड. बाहेर पडताना शील्डची ऊर्जा मागच्या भागात ढकल, खालच्या बाणाच्या कळीने होतं ते. पल्ल्याबाहेर आल्यावर ‘क्यू’ दाबून शील्ड चारी बाजूंना सारखं कर, सपोर्ट शिपला, म्हणजे रसद पुरवणाऱ्या छोट्या जहाजाला, बोलव, बॉम्ब भरून घे आणि पुन्हा त्याच कोपऱ्यात जा. सपोर्ट शिप जहाजाजवळ बोलावू नको, बिचारं येता येताच मरतं. आणि डिस्ट्रॉयर शेवटी फुटायला लागलं की तोंड फिरवून पळ. त्याचा स्फोट तुझ्या कुठल्याही बॉम्बपेक्षा मोठा असतो. विजयाच्या आनंदात तिथेच घुटमळणारे पुष्कळ गेले.

तू म्हणालास तुम्ही चौघं मित्र मिळूनही खेळता. मग तर सगळं आणखी सोपं, फक्त चौघांनी चार बॉम्बर घ्यायचे नाहीत. दोन फायटर, दोन बॉम्बर. एक फायटर शत्रूच्या फायटरांना खेळवत दूर नेतो, दुसरा मॅक्झिमने ते तीन-चार टरेट टिपतो. बॉम्बर तोवर पल्ल्याबाहेर थांबतात. थांबायची शिस्त पाळणं सगळ्यात अवघड, तुमच्यातला कोण आधी धावत सुटतो ते मला माहीत आहे, नाव घेत नाही. मग दोन्ही बॉम्बर दोन वेगळ्या दिशांनी एकाच वेळी. १० डिसेंबर १९४१ ला मलायाजवळ ब्रिटिशांचं रिपल्स जहाज जपानी टॉर्पेडो एकेक करून चुकवत होतं, कप्तान मोठा कुशल होता. वेगवेगळ्या दिशांनी एकदम आले तेव्हा त्याला वळायला जागाच उरली नाही. फ्रीस्पेसचं डिस्ट्रॉयर वळून काही चुकवत नाही, पण टरेटांचं लक्ष वाटलं जातं आणि काम तेच होतं. एकटा खेळत असशील तर विंगमनना, म्हणजे संगणक चालवतो त्या साथीदार विमानांना, “हल्ला करा” असा सरसकट हुकूम देऊ नको, ते सरळ तोंडावर जाऊन मरतात. फायटरांना टरेट पाडायचा हुकूम दे आणि बॉम्बरांना आधी तुझ्या मागे राहायला सांग. हल्ल्याचा हुकूम तू जागेवर पोचल्यावर.

जहाज तुझ्या बाजूचं असेल आणि शत्रूचे बॉम्बर त्याच्यावर येत असतील तर ‘बी’ कळ. तिने येणारा बॉम्ब निवडला जातो. बॉम्बरपेक्षा बॉम्बला आधी मार.

पुढे तुला शत्रूचं साथानस भेटेल. सहा किलोमीटरच्या घरातलं धूड. आत्ताच सांगून मजा घालवत नाही, पण एवढं ध्यानात ठेव की तिथे तुला ते मारायचं नसतंच. त्याच्या पुढच्या अंगाला चार मोठे बीम आहेत, ते तुमच्या बाजूचं कोलोसस जहाज यायच्या आधी निकामी करायचे. ते चार शाबूत राहिले तर कोलोसस, तुमच्या आरमाराचं सर्वांत मोठं जहाज, धोक्यात, आणि ते चार बीम गेले तर एवढं मोठं साथानसही गुपचूप मार खातं. माझ्या मते अख्ख्या खेळातलं हे सगळ्यात हुशारीने रचलेलं मिशन. तिथे मात्र मागून जाऊन भागत नाही, काम पुढेच आहे. मग वळसा घालून खालून वर ये, जहाजाच्या अंगालगत पुढे सरक, आणि एका वेळी एकच बीम. चारांवर थोडे थोडे बॉम्ब वाटलेस तर चारही जखमी राहतील आणि चारही मारतील.

बाकीच्या खेळांबद्दल थोडक्यात. १९९४ च्या ‘टाय फायटर’मध्ये मोठ्या जहाजांना शील्ड असतं, त्यामुळे आधी ते उतरवावं लागतं, पण कोपरा शोधायची विद्या तीच. २०२० च्या ‘स्टार वॉर्स: स्क्वाड्रन्स’मध्ये ध्वजनौकेच्या शील्डच्या आत शिरून तिचे वेगवेगळे भाग फोडायचे असतात, आणि ऊर्जेची वाटणी तर तिथे खेळाचा प्राण आहे. ‘एलिट डेंजरस’मधलं फॅरागट क्रूझर आपण संपवत नाहीच, त्याची उष्णता बाहेर टाकणारी ठिकाणं फोडत राहायचं, मग ते स्वतःच रणांगण सोडून जातं. हा शेवटचा प्रकार मला फार आवडतो. आंगऱ्यांनाही आवडला असता.

राहिला तुझा जॉयस्टिकचा प्रश्न. जेल रोडच्या बाजारात एवढ्यासाठी पैसे घालायची आत्ता गरज नाही. माऊसने बॉम्बर छान चालतो, कारण बॉम्बरला तशीही फार गिरक्या मारायच्या नसतात. फक्त रोलच्या, म्हणजे विमान डाव्या-उजव्या अंगावर कलवायच्या, कळा डाव्या हाताला जवळ लावून घे आणि माऊसची संवेदनशीलता थोडी कमी कर. फायटर चालवायला लागलास आणि तरीही हात अडखळला, तर माझा जुना स्टिक कपाटात पडून आहे, दिवाळीला आलास की घेऊन जा. तोवर मिशन सिम्युलेटरमध्ये तेच ओरायनचं मिशन उघड. एकही बॉम्ब न टाकता वळसा घालून त्याच्या शेपटीखाली जा, ‘एम’ दाबून तिथे थोडा वेळ तग धर आणि परत ये. शील्ड निम्म्याहून जास्त उरलं असेल तर पुढच्या खेपेला बॉम्ब ने. कमी उरलं असेल तर कुठल्या टरेटने मारलं ते बघून मला सांग, आपण मॉडेल उघडून दुसरा कोपरा शोधू.